निळा ठिपका कोणाकोणाला दिसतो

बुधवार, ता. ६

ताई,

१. सोमवारी सकाळी मी नेहमीच्या रस्त्याने धावायला गेले. गिरणीची लांब भिंत संपते तिथे तो उभा होता. हातात पाण्याची बाटली होती.

२. मी थांबले नाही. शेजारून जाताना तो म्हणाला, "डावा खांदा पडतोय तुझा."

३. मंगळवारी मी रस्ता बदलला आणि नदीकडे गेले. मंगळवारी वेगाचा सराव असतो. थोडं अंतर जीव तोडून, मग हळू, मग पुन्हा जीव तोडून. दुसऱ्या फेरीला तो पुलाच्या पायऱ्यांवर बसलेला दिसला. बाटली होतीच. या वेळी केळीही होती.

४. आज कुठे जायचं हे दाराला कुलूप लावेपर्यंत मी ठरवलं नव्हतं. मालधक्क्याच्या मागच्या रस्त्याला लागले. थोड्या वेळाने एक टॅक्सी मला ओलांडून पुढे थांबली आणि तो उतरला.

५. या तिन्ही रस्त्यांबद्दल मी कोणाशी बोलले नव्हते.

६. धावताना मी कुठे आहे हे माझं घड्याळ दाखवत राहतं. मी निघाले की त्याची लिंक आपोआप एका फोनवर जाते. तो फोन तुझा आहे.

घडलं ते एवढं. बाकीचे तर्क आहेत, ते लिहीत नाही.

घटस्फोट होऊन वर्ष झालं. हे शहर मी निवडलं कारण इथे त्याचं कोणी नाही. पत्ता आईलाही दिला नाही, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. फक्त तुला दिला. मॅरेथॉन तीन आठवड्यांवर आली आहे. तयारीतला हा सगळ्यात जड आठवडा. रविवारी बत्तीस किलोमीटर धावायचे आहेत. ते मला एकटीने धावायचे आहेत.

प्रश्न एकच. ती लिंक तुझ्या फोनवरून पुढे कुठे गेली का?

फोन करू नकोस. फोनवर तू बोलतेस आणि मी ऐकते. ईमेलनेच उत्तर दे.


गुरुवार, ता. ७

खारे,

पत्र मिळालं. पत्र कसलं, पंचनामा. बहिणीला लिहितेस की फौजदाराला? एक, दोन, तीन, चार. दवाखान्यात काउंटरवर बसून वाचलं. आमचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "काय हो, चेहरा असा का? दाढ दुखते की काय?" म्हटलं, अक्कलदाढ आहे डॉक्टर, पण माझी नव्हे, धाकटीची.

आता तुझ्या प्रश्नाचं. शहर एवढं मोठं, माणूस कामानिमित्त येतो, सकाळी पाय मोकळे करायला बाहेर पडतो. दिसले असतील. तर्क लिहीत नाही म्हणतेस आणि सहावा मुद्दा काय मग, भजन? आणि केलं काय त्यांनी? बाटली घेऊन उभे होते, तलवार घेऊन नाही. तुझे भाऊजी, मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढून आले तरी पेपरातून नाक वर काढत नाहीत. मला कोणी रस्त्यात पाणी घेऊन उभं राहिलं तर मी तिथेच फतकल मारून बसेन आणि आयुष्यभर उठणार नाही.

तुझा ठिपका मी रोज बघते, हे मात्र कबूल. दूध गॅसवर ठेवते आणि फोन उघडते. निळा ठिपका हलायला लागला की आतल्या खोलीत हाक मारते, "निघाली गं तुझी." आई चष्मा शोधत येते. बोटाने ठिपक्यामागे ठिपक्यामागे जाते आणि दर वेळी नकाशा भलतीकडेच सरकवून ठेवते. मागे तू ठेचकाळून पडलीस आणि तासभर आम्हाला कळलं नाही, तेव्हापासून तो ठिपका दिसला नाही तर माझ्या घशाखाली चहा उतरत नाही.

आणि बघ, रागावू नकोस, पण दिसलं ते बोलते. धावून झालं की ते सगळं येतं ना, वेग, काळजाचे ठोके, आलेख. मंगळवारी तू आजवरची सगळ्यात वेगात धावलीस. यंत्रानेच वर चषक काढून दाखवला. ठोके बघ कुठे जाऊन भिडलेत, आणि नेमके पुलापाशी. मी मंगळवारीच आईला म्हटलं, तोंडाने हिने कितीही नाही म्हणू दे, काळजाला खोटं बोलता येत नाही. अजून आहे काहीतरी. नुसता माणूस नजरेला पडला म्हणून कोणाचं काळीज असं उडतं का गं?

विचार कर. आईचे गुडघे तसेच.

तुझी ताई


शुक्रवार, ता. ८, सकाळी

ताई,

ठोके का वाढले हे तू मंगळवारीच आईला सांगितलंस, असं लिहितेस. पुलापाशी कोण होतं हे मी तुला बुधवारी संध्याकाळी कळवलं. मंगळवारी ते सांगू शकेल असा माणूस एकच आहे. तेव्हा माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

आता आलेखाचं. मी पुलांना यंत्रं चिकटवून त्यांची थरथर मोजते, हे तुला माहीत आहे. थरथर वाढली की रेघ उंच जाते. शाळेची पोरं उड्या मारत गेली तरी जाते आणि तुळई तडकत असली तरी जाते. रेघ किती चढली ते यंत्राला कळतं. का चढली ते बघायला माणसाला पुलाखाली उतरावं लागतं.

मंगळवारी मी त्याच्यापासून पळत होते. पायऱ्या उतरून तो माझ्यामागे चालायला लागला होता. धावत नव्हता. मी पुढे कुठे वळते ते हातातल्या फोनवर दिसत असल्यावर धावायची गरज काय? शेवटच्या फेरीनंतर मला रस्त्याच्या कडेला उलटी झाली. यंत्र ते दाखवत नाही. चषक दाखवतं.

आणखी एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. ती निळी रेघ रोज जिथून निघते आणि जिथे येऊन संपते, ते माझ्या इमारतीचं फाटक आहे. आज सकाळी फाटकाला एक पिशवी बांधलेली होती. आत केळी. वॉचमन म्हणाला, "तुमच्या घरचेच देऊन गेले. मॅडमना उशीर का झाला, विचारत होते."

तलवार नव्हती, हे बरोबर आहे. कधीच नव्हती. तुला एक सांगितलेलं नाही, ते सांगते. लग्नानंतर तो रोज मला न्यायला ऑफिसच्या फाटकाशी यायचा. बरोबरच्या बायका म्हणायच्या, नशीब काढलंस. एक दिवस मला एकटीने घरी जायचं होतं. कारण काही नव्हतं, नुसतं जायचं होतं. मागच्या दाराने निघाले, बस बदलली, लांबच्या रस्त्याने गेले. घरात शिरले तर तो आधीच आलेला आणि ताटं मांडलेली. म्हणाला, "मागचं दार बरं वाटलं का?" मग मला वाढलं. तो विषय पुन्हा कधी काढला नाही. दुसऱ्या दिवसापासून मागच्या दाराशी उभा राहायला लागला.

एवढंच आहे. वकीलबाईंना सांगतानाही माझ्या लक्षात आलं होतं की सांगायला गेलं की त्यात काही उरत नाही.

लिंक मी बंद केली आहे. काल धावले नाही, आजही नाही. मॅरेथॉनच्या तयारीत हे दोन दिवस भरून निघत नाहीत, पण ते माझं मी बघेन. तू दोनच गोष्टी कळव. कधीपासून, आणि का.


शुक्रवार, ता. ८, संध्याकाळी

खारे,

केळी फाटकाला बांधायची काही गरज नव्हती. तेवढं चुकलंच त्यांचं. मी बोलेन.

कधीपासून विचारतेस, तर दोन महिने झाले. का विचारतेस, तर ऐक.

आईच्या गुडघ्यात दर पंधरवड्याला सुया द्यायच्या असतात. तिला जिना उतरवायचा, गाडीत कोंबायचं, तिथे नंबर लावून बसायचं, परत जिना. मी दिवसभर लोकांच्या आयांना "बसा काकू, पाणी आणू का" म्हणते आणि माझ्या आईला न्यायला मला सुट्टी मिळत नाही. तुझ्या भाऊजींची पाठ धरलेली, ती धरायची वेळ बरोबर निवडते. तू तिकडे पुलांची नाडी बघतेस. मग नेतं कोण? ते नेतात. जिन्यावरून चक्क उचलून. म्हणतात, "घटस्फोट तिचा झाला ताई, आईंचा नाही झाला." आणि आई त्यांच्या गळ्यात हात टाकून लहान मुलीसारखी हसते गं. माझ्याबरोबर जाताना कण्हत जाते.

असेच एकदा बसले होते, माझा फोन वाजला, ठिपका हलायला लागला. "हे काय?" म्हणाले. मी दाखवलं. इतका वेळ बघत राहिले की चहावर साय धरली. मग म्हणाले, "नुसतं बघायला मिळालं तरी पुरे. रोज पाठवाल का?" मला वाटलं, माणूस झुरतोय. तुझ्या गावात येऊन थडकतील हे मला काय माहीत? सोमवारी कळलं तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं.

आणि एक विचारू? घर सोडलंस तेव्हा आम्हाला काय सांगितलंस? "पटत नाही." दोन शब्द. लग्न मोडायला दोन शब्द आणि घड्याळाचा हिशेब द्यायला सहा कलमं. मागच्या दाराची गोष्ट आज सांगतेस, तीही ईमेलवर. लहानपणीपासून तुझं हेच, गळू झालं तरी पिकेपर्यंत दाखवायची नाहीस, आणि फुटलं की आमच्यावर ओरडायचं, लक्ष कुठे होतं म्हणून. अगं, दाखवलंस कधी?

असो. आता नाही पाठवणार. त्यांना एक अक्षर सांगणार नाही, आईची शपथ. पण रविवारी तू एवढं लांब धावणार, ठिपका नाही, काही नाही. मी काय करू, भिंतीकडे बघत बसू? कुठे जाणार तेवढं मला लिहून ठेव. पडलीबिडलीस तर कुठे शोधायचं ते तरी कळेल.

ताई


शनिवार, ता. ९

ताई,

दाखवलं नाही, हे तुझं म्हणणं खोटं नाही.

शपथेवर मी विश्वास ठेवून बघते. रविवारी सकाळी कालव्याच्या काठाने धावणार आहे. पंपघरापासून जुन्या पादचारी पुलापर्यंत आणि परत, अशा खेपा. पुलापाशी पहिल्यांदा सातच्या सुमाराला पोचेन, शेवटची खेप नऊनंतर. घड्याळ बंद असेल.

हे फक्त तुला लिहिलं आहे. इथेही कोणाला माहीत नाही.


रविवार, ता. १०

खारे,

लाज वाटली नाही तुला?

साडेसहापासून आई त्या पुलाशी बसली होती. साडेदहापर्यंत. ऊन डोक्यावर, सावलीला झाड नाही. शनिवारी दुपारी निघाली इथून, एवढा प्रवास, त्या गुडघ्यांनी. मी तिला सांगितलं होतं, खारूने बोलावलंय, धावताना बघायला ये म्हणतेय. किती दिवसांनी तिने आपणहून चपला घातल्या. डब्यात खजूर घेतले, एकेकाची बी काढली, धावता धावता दाताखाली यायला नको म्हणून. मला म्हणाली, "मी हाक मारू की नको गं? हाक मारली तर तिचा वेग जाईल का?"

हो, सांगितलं मी त्यांना. शपथ मोडली. आईला आणणार कोण होतं, तुझे भाऊजी? मी म्हटलं, आई समोर दिसली की थांबेल. दोघी बसतील, बोलतील, ते जरा लांब उभे राहतील, झालंगेलं निवेल. तुझ्या भल्यासाठीच केलं, आईच्या भल्यासाठी केलं. आणि तू आलीच नाहीस. हातभर लिहून कळवलंस, पंपघर काय, पूल काय, आणि आम्हा सगळ्यांना फिरवलंस.

आई आता फोनवर मला विचारते, "रस्ता चुकली असेल का गं?" काय सांगू तिला?

ते तर एका शब्दाने बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "असू दे ताई, दुसरीकडे कुठे तरी तिचा सराव झाला असेल." बघ. आणि तू या माणसाला भितेस.

ताई


सोमवार, ता. ११

ताई,

रविवारी मी कालव्यावर जाणार नव्हतेच. कालवा फक्त तुला लिहिला, तो तिथे पोचतो का हे बघण्यासाठी. पूल किती पेलतो हे कळायला आम्ही त्यावर आधी माहीत असलेलं ओझं ठेवतो. तसंच केलं.

तो येईल हे मी धरलं होतं. आई येईल हे धरलं नव्हतं. चाचणीतली ती चूक माझी आहे.

बत्तीस किलोमीटर झाले. एका मैदानात, गोल गोल, फाटकाला आतून कडी लावून. कुठलं मैदान ते लिहीत नाही.

तू लिहितेस, मी आईला उन्हात बसवलं. कालव्यावरच्या त्या पुलाची देखरेख आमच्या ऑफिसकडे आहे. खांबाला एक भेग आहे, तिच्यावर कॅमेरा रोखलेला असतो. चित्राच्या कोपऱ्यात काठाचा थोडा भाग येतो. तुझं पत्र वाचून आज सकाळी मी रविवारचं चित्रण काढलं. भेगेसाठी असलेल्या गोष्टीचा असा उपयोग मी पहिल्यांदाच केला.

घडीच्या खुर्चीवर आई बसलेली आहे, मांडीवर डबा. तो मागे उभा आहे. लांब नाही, खुर्चीला हात लावून. कोणीही बाई धावत येताना दिसली की आई खुर्चीच्या हातांवर भार देऊन अर्धी उठते, बघते आणि बसते. प्रत्येक बाईला उठली आहे. केस पांढरे असलेल्या एका बाईलाही.

आठच्या सुमाराला आई पूर्ण उठते. हाताने रस्त्याकडे दाखवते, कपाळावर पदर ओढते. निघू या, असं म्हणत असावी. आवाज येत नाही, म्हणून "असावी" लिहिते. तो तिच्या खांद्यावर हात ठेवतो. जोर लावत नाही. ती बसते. पुन्हा एकदा तसंच होतं. तिसऱ्यांदा ती उठत नाही, नुसतं वर त्याच्या तोंडाकडे बघते. त्यानंतर तो तिला आणखी दीड तास तिथे बसवून ठेवतो. या सगळ्या वेळात तो तिच्याकडे एकदाही बघत नाही. काठाकडे बघत असतो.

त्याचं वागणं मला कधी सांगता आलं नाही. ते असं दिसतं.

आईला दुपारी फोन केला. रस्ता चुकले, असं सांगितलं. ती म्हणाली, "वाटलंच मला. कालवा म्हणजे सगळं सारखंच दिसतं." मग म्हणाली की खजूर टिकतात, ती ठेवणार आहे. घरी परत येताना तो वाटेत एक शब्दही बोलला नाही, हेही तिने सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

उद्या मी हे घर सोडते आहे. नवा पत्ता तुला देणार नाही. मॅरेथॉन धावणार आहे. धावणाऱ्यांची यादी सगळ्यांना बघता येते, रस्ता आधीच छापलेला असतो, तेव्हा मी कुठल्या वळणावर कधी असेन हे काढायला त्याला आता तुझी गरज नाही. हे सगळं धरून धावणार आहे.

पुढच्या पंधरवड्यापासून आईला न्यायला एक परिचारिका आणि गाडी येईल. दोन माणसं खुर्चीवरून जिना उतरवतात. तुला सुट्टी काढावी लागणार नाही. त्याच्यासाठी दार उघडावं लागणार नाही. यात मी आधी लक्ष घालायला हवं होतं असं तू म्हणशील, तर म्हण.

शुक्रवारी सकाळी मी पोलिसांत तक्रार देते आहे. वकीलबाईंनी दोन मसुदे केले आहेत. तुझं नाव दोन्हींत आहे. लिंक तुझ्या फोनवरून गेली, ते टाळता येत नाही. आईचं नाव एकातही नाही. पहिल्या मसुद्यात तू साक्षीदार आहेस. तो घरी कधीपासून येतो, त्याने लिंक कशी मागितली, मंगळवारी पुलावरून त्याने तुला काय कळवलं, कालव्याची जागा त्याला कोणी सांगितली, हे सगळं त्यात तू सांगतेस. दुसऱ्यात तू त्याला माहिती पुरवणारी आहेस. पहिल्यावर तुझी सही लागते. दुसऱ्यावर लागत नाही.

चित्रणाची प्रत वकीलबाईंकडे ठेवली आहे. सही करायच्या आधी ते बघावंसं वाटलं तर त्या दाखवतील. त्यांचा पत्ता खाली देते आहे, माझा नाही.

कुठला मसुदा द्यायचा, ते गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत लेखी कळव.